दगड समजून पाय ठेवू नका

आमच्या धुळ्यात मासा म्हणजे मरळ, नाहीतर वाम. समुद्र इथून खूप लांब. त्यामुळे भाचा वायरिंगच्या कामासाठी लक्षद्वीपला जायचं ठरलं, तेव्हा आपाला काळजी लागली ती जहाजाच्या प्रवासाची. मला लागली त्याच्या अनवाणी पायांची. पाणी दिसलं की तो उतरणारच, आणि तिथल्या उथळ पाण्यात, प्रवाळांमध्ये स्टोनफिश राहतो. आपण त्याला दगडमासा म्हणू.

लांबी ३० ते ४० सेंटीमीटर. कातडी खडबडीत, गाठीगाठींची; तिच्यावर शेवाळही उगवतं. छातीजवळच्या रुंद परांनी वाळू सारून तो अर्धा गाडून घेतो आणि तासन्‌तास हलत नाही. छोटा मासा किंवा कोळंबी तोंडासमोर आली की जबडा उघडतो आणि पाण्यासकट शिकार आत ओढली जाते. सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही.

पुष्कळांना वाटतं, तो विषाने शिकार करतो. तसं नाही. पाठीवर १३ काटे आहेत, प्रत्येक काट्याला विषाच्या पिशव्या. पण त्या स्वतःला वाचवण्यासाठी. तो कुणाच्या मागे लागत नाही. काट्यावर वजन पडलं की पिशवी दाबली जाते आणि विष जखमेत उतरतं. वेदना भयंकर असतात. क्वचित जिवावरही बेततं.

म्हणून भाच्याला सांगितलं: जाड तळव्याचे बूट घाल. पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल. दगडाला हात लावू नकोस. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडव, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. पाणी आधी दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासून घे, आणि लगेच दवाखाना गाठ. या विषावरचं औषध ऑस्ट्रेलियात १९५९ मध्ये तयार झालं, पण ते सगळीकडे मिळेलच असं नाही.

आपा म्हणाली, "असला मासा मारून का टाकत नाहीत?"

मी म्हटलं, आपा, ती बेटंच प्रवाळांनी बांधलेली आहेत. भाचा ज्या जमिनीवर झोपणार, ती त्यांचीच देणगी. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला, तेव्हा तिथले प्रवाळ पांढरे पडले आणि पुष्कळ मेले. प्रवाळ गेले की छोटे मासे जातात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या दगडमाशाचं पोटही. त्याच्यापासून वाचायला एक जोडी बूट पुरतात. तापलेल्या समुद्रापासून त्याला वाचवणं मात्र इतकं सोपं नाही.