केबिनचं दार

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, दार काढलं," एवढंच म्हणाला. कुठलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घराण्यात दारं पुष्कळ असतील, पण काढलं म्हणून मला फोन करावा असं एकच.

रविवारी उरणला गेलो, तोही लोकलने. मोऱ्याच्या लाँचवाल्याचा पोरगा रेल्वेने घरी येईल असं बाबांच्या हयातीत कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपरची गाडी पुढे उरणपर्यंत धावू लागली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का हा आमचा सबंध जगण्याचा रस्ता, त्याला एका दिवसात दोन सवती आल्या. आमची लाँच मात्र त्याआधीच पॅसेंजरांतून बाहेर पडली होती. पुतण्या ती बंदरात नांगरून पडलेल्या जहाजांवर खलाशी आणि सामान पोचवायला चालवतो.

दार घरामागे भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सागाचं, वरच्या अर्ध्या भागात काच. कडीजवळच्या कडेला हात लागून लागून खळगा पडलेला. बिजागऱ्या पितळी, पण स्क्रू तीन पिढ्यांचे: काही पितळी, काही लोखंडी, एक-दोन अगदी अलीकडचे चकचकीत. खालची कड मात्र करवतीने वेडीवाकडी कापलेली होती, कारण ते दार मुळात आमच्या लाँचचं नव्हतंच.

बाबांनी आणि काकांनी लाँच बांधायला घेतली तेव्हा पैसे केबिनपाशी येऊन संपले. मग दोघे दारूखान्यात गेले. रे रोडच्या त्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडत, आणि त्यांची दारं, गोल खिडक्या, पितळी नळ, कंदील, पार कपबशांपर्यंत सगळं ढिगाने विकायला असे. कुठल्याशा मोठ्या बोटीतल्या खोलीचं हे दार तिथून आलं. वरच्या फळीवर स्क्रूची भोकं आणि त्यांच्यामध्ये फिकट चौकोन अजून दिसतो. तिथे नंबराची पट्टी असणार. बाबांनी खालून चार बोटं कापून ते बसवलं आणि कापल्या जागी डांबर फासलं. मी त्या डांबरावर नख मारलं, थोडं खरवडलं. आतून चामड्यासारखा कोरा वास आला. इतकी वर्षं खारं पाणी अंगावर घेतलेल्या लाकडाला असा वास असावा, याचा मला उगीचच अभिमान वाटला.

अभिमान वाटला की मी इतिहास सांगू लागतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, पुढे त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागात इंग्रजांच्या आरमाराला जहाजं बांधून दिली. त्यातलं १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. हे सगळं मी पुतण्याला उभ्या उभ्या ऐकवलं. तो म्हणाला, "सांभाळतं ते कळलं, काका. एक स्क्रू निघाला नाय. ग्राइंडर मारला शेवटी."

या दाराची एक आठवण आहे. ती मी बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडलो आहे.

आमच्या लाँचची केबिन पुढे आणि तिचं दार मागच्या अंगाला, पॅसेंजरांकडे तोंड करून. शाळेला सुट्टी लागली की मी बाबांबरोबर फेरीला जायचो. माझी जागा ठरलेली, सुकाणूच्या चाकाशेजारी हत्यारांच्या पेटीवर. बाहेरची पोरं काचेतून माझ्याकडे बघायची आणि माझं लक्षच नाही असं मी दाखवायचो. मे महिना संपत आला होता. दुपारची फेरी, लाँच भरलेली. जवाहर द्वीप मागे पडलं आणि कर्नाळ्याच्या बाजूने आभाळ काळं होऊन आलं. बाबा स्टुलावरून उठले. त्यांनी माझं मनगट धरलं, मला पेटीवरून उतरवलं, दाराबाहेर केलं. "बाला, भायेर थांब," म्हणाले, दार ओढलं आणि आतून हूक घातला.

मग वारा आला. ताडपत्र्या फाटतील अशा फडफडू लागल्या, पाणी आडवं येऊ लागलं. एका मासळीवालीने मला आपल्या रिकाम्या पाटीशी ओढून घेतलं, तिच्या लुगड्याच्या ओल्या वासात माझं अर्धं तोंड बुडालं. उरलेल्या अर्ध्याने मी काचेकडे बघत होतो. बाबा मागची लाट बघायला मान वळवत आणि वळले की त्यांचा चेहरा दिसे. ओठ हलत होते. एका हातात चाक, दुसऱ्या हातात इंजिनाच्या घंटीची दोरी, आणि ओठ एकसारखे हलत होते. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

काय बोलत होते बाबा?

आई म्हणायची, एकवीरेचं नाव घेत असतील. काका तेव्हा खाली इंजिनावर होते, ते म्हणायचे, "नाव कसलं, मला शिव्या घालत व्हता." खुद्द बाबांना मी मोठेपणी विचारलं तर म्हणाले, "काय नाय रं. पान व्हतं तोंडात." बाबांना मी उभ्या जन्मात पान खाताना पाहिलं नाही.

वादळाचं मला काही वाटलं नव्हतं. मोऱ्याच्या पोराला लाटेचं कौतुक नसतं. मला लागलं ते बाहेर काढल्याचं. इतर पोरांच्या देखत, पॅसेंजरांसारखं. तो राग मी बरीच वर्षं जपून ठेवला. बाबांशी काही बिनसलं की तो काढून बघायचो आणि पुन्हा ठेवून द्यायचो.

पुढच्या खेपेला मी लाँचवर गेलो तर दाराच्या काचेला आतून पोपटी ऑइलपेंट लावलेला. डोळ्यांच्या उंचीवर मागचं बघायला चार बोटं पट्टी मोकळी, बाकी काच आंधळी. मला वाटलं, मला दिसू नये म्हणूनच. आणि ते अगदीच चूक नसेल.

आमच्याकडची म्हातारी माणसं आपलं वय रामदास बोटीवरून सांगत. रामदासच्या आधी, रामदासच्या नंतर. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कळायलाच तास गेले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि अलिबाग-उरणकडच्या कित्येक घरांना तो पंधरा ऑगस्ट सुतकात आला. वाचलेल्यांनी जे सांगितलं ते आमच्या बंदरावर पोरासोरांना पाठ होतं: मोठी लाट आली, बोट एका अंगावर झुकली, घाबरलेली माणसं एकदम एकाच बाजूला धावली.

बाबा तेव्हा लहान होते, पण ही शेवटची ओळ त्यांनी धंद्यात बांधून ठेवली होती. लाँचवर चढणाऱ्या प्रत्येक नव्या खलाशाला ते सांगत, "पाण्याला काय घाबरायचं! माणसं धावली का मेलास." भरल्या लाँचवर साठ-सत्तर माणसं सारंगाच्या तोंडाकडे बघत बसलेली असतात. ते तोंड जरा उतरलं तर सगळे एकदम उठतील. शिवाय केबिनमध्ये आपलं पोर बसलेलं असलं, तर बाप आधी त्याच्याकडे बघणार. दार दोन्हीकडून लावावं लागतं. हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी काचेला रंग लावला.

मी बँकेत लागलो. सरकारी बँक, पंखे, लेजरं, टोकनं. पुष्कळ वर्षं काउंटरमागे काढल्यावर मलाही केबिन मिळाली, काचेचं दार असलेली. २०००-०१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कुणी अर्ज करावा, कुणी करू नये, शाखा राहणार की दुसऱ्या शाखेत जाणार, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, पण मला ठाऊक आहे अशी सगळ्यांची खात्री होती. परिपत्रक वाचताना मी पुटपुटतो, ही माझी जुनी खोड. मान वर केली की हॉलमधली सगळी डोकी पटकन खाली जायची. दुसऱ्या दिवशी मी शिपायाला सांगून दाराला पडदा लावून घेतला. युनियनच्या एकाने टोमणा मारला, "साहेब आता बुरख्यात." मी काही बोललो नाही. खरं तर त्याला रामदास सांगावीशी वाटली होती, पण पाच वाजता क्लीअरिंगच्या गडबडीत कोण ऐकणार!

तर नवं दार. पुतण्याला ते ॲल्युमिनियमचं, सरकतं आणि पूर्ण काचेचं हवं होतं. सागाचं करायचं तर परवडत नाही, ७१० चा मरीन प्लाय घ्यावा तर कडा नीट बंद नाही केल्या की पाणी शिरतंच. फॅब्रिकेटर टेप घेऊन आला, एक रुंदी, एक उंची घेऊन गेला आणि गुण्याला लावून तंतोतंत काटकोनातलं दार घेऊन आला. ते बसेना. जुन्या लाकडी लाँचमध्ये काटकोन कुठून असायला? ती पाण्यावर वाकते, किनाऱ्यावर ओढली की उलटी वाकते. चौकट कोनाकोनी मापली तर पाऊण इंच फरक भरला. मग गावातले जुने सुतार आले. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा चौकटीवर धरला, पेन्सिल फिरवली, फर्मा कापला आणि फॅब्रिकेटरच्या हातात दिला. "तुमचं माप खरं हाय," म्हणाले, "पण व्हरीचं घ्या." व्हरी म्हणजे होडी.

पुतण्याने उंबराही काढायचा घाट घातला होता, जाता-येता ठेच लागते म्हणून. मोठ्या जहाजांसाठी १९६६ चा आंतरराष्ट्रीय लोड लाइन करार आहे. डेकवरच्या बांधकामात शिरायच्या दारांना निदान ३८० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फूट उंबरा असावा असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या लाँचला तो करार लागू नाही आणि आमचा उंबरा त्याच्या निम्माही नाही. मी कराराचं नाव काढताच पुतण्याने हात जोडले. सुतारांनी मात्र उंबऱ्यावर पाय ठेवला आणि "ह्यो ऱ्हाऊ दे" म्हणाले. तो राहिला.

जुन्या दाराचं काय करायचं यावर घरात बोलणं झालं. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, पॉलिश करून काच टाकली तर मस्त टीपॉय होईल. आम्ही बोलत होतो तोवर काकीने ते उचलून पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवून दिलं होतं. अगदी मापात बसलं. खालून कापावं लागलं नाही.

नवं दार बसल्यावर पुतण्या म्हणाला, एक फेरी मारून ये. आम्ही काही फिलिपिनो खलाशी, भाजीची पोती आणि पाण्याचे कॅन घेऊन निघालो. मी बाहेर फळीवर बसलो. ती पेटी आता केबिनमध्ये नाही, तिच्या जागी बॅटऱ्या आहेत. काच इतकी स्वच्छ की मध्ये दार आहे हेच कळू नये. आत पुतण्या, चाकावर एक हात, मागे वळून बघितलं की चेहरा पूर्ण दिसतोय. एक मोठं कंटेनर जहाज जवळून गेलं आणि त्याच्या लाटेने लाँच एका अंगावर चांगलीच गेली. एक कॅन गडगडत माझ्या पायाशी आला. मी काचेकडे पाहिलं. पुतण्याचे ओठ हलत होते. एकसारखे.

खलाशांकडे पाहिलं. कुणी केबिनकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये.

धक्क्याला लागल्यावर मी त्याला विचारलं, "मघाशी काय बोलत होतास?"

त्याने कानातलं बोंडुक काढून दाखवलं. "गॅसवाला. सिलिंडर पाठवतो म्हणून दोन दिवस झुलवतोय."

"आणि तो हेलकावा?"

"कधी?"

खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं फॅब्रिकेटरने सिलिकॉनने बुजवली आहेत, पावसाआधी ती मोकळी कर, नाहीतर पाणी आत साचेल, एवढं त्याला सांगून मी उतरलो.