उकाडा आणि शेजार

२०१९ सालच्या जून महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी राहावयास गेलो, तेव्हा मनात म्हटले, खानापूरच्या पावसात वाढलेल्या माणसांस दमट हवेचे कसले भय? तो भ्रम पहिल्याच दुपारी गळाला. पारा तेहतीस अंशांवरच होता. परंतु हवेत ओल इतकी, की अंगावरचा घाम वाळेना, आणि घाम वाळल्यावाचून देह निवत नाही. रात्रीही सुटका नसे. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळून निरोप घेतो. तेथे तो बाराही महिने येतजात असतो.

हे शहर १७१८ साली फ्रेंचांनी मिसिसिपी नदीच्या वळणावर वसविले. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली असल्यामुळे पावसाचे पाणी पंपांनी उपसून काढावे लागते. २००५ साली ‘कट्रिना’ वादळात बांध फुटले, तेव्हा शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला.

अन्न मात्र ओळखीचे निघाले: भात, कोळंबी आणि भेंडी घातलेला ‘गंबो’ नावाचा दाट रस्सा. सोमवारी तांबडा राजमा व भात. पूर्वी तो धुण्याचा वार. म्हणून चुलीवर आपला आपण शिजत राहील असा हा पदार्थ. उपवासकाळापूर्वी गोव्याप्रमाणेच कार्निव्हल. तेथे जिल्ह्यालासुद्धा ‘पॅरिश’ म्हणतात!

इतके असूनही आम्ही परकेच राहिलो, आणि दोष आमचाच होता. कामावरून यावे, दारेखिडक्या लावाव्या आणि यंत्राने गार केलेल्या खोलीत बसावे, असा आमचा क्रम. समोरच्या आजीबाई रोज सायंकाळी ओसरीवर बसून आम्हांस हात करीत. आम्ही मान हलवून दार लावून घेत असू.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, कट्रिनाच्याच तारखेस, ‘आयडा’ वादळ आले. शहराचे बांध टिकले, पण साऱ्या शहराची वीज गेली. दुसऱ्या दिवशी आमचे घर भट्टीसारखे तापले. आजीबाई दाराशी येऊन म्हणाल्या, “कोंडून बसू नका. ओसरीवर या.”

गल्लीतील लोक शीतपेट्यांतील मांसमासळी नासण्यापूर्वी रस्त्यावरच शिजवून वाटीत होते. आजीबाईंनी आम्हांस एक काम नेमून दिले: कोपऱ्यावर एकटे राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांचे दार सकाळ-संध्याकाळ ठोठवायचे. चौथ्या सायंकाळी आतून उत्तर आले नाही. चौघांनी दार उघडले. गृहस्थ खुर्चीत निपचित पडले होते; अंग तापलेले, वाचा अडखळती. ओल्या फडक्यांनी त्यांस पुसत, वारा घालीत आम्ही त्यांस रुग्णालयात पोहोचविले. ते वाचले. पुढे समजले, त्या वादळात शहरात वाऱ्यापाण्यापेक्षा उकाड्यानेच अधिक माणसे दगावली, आणि त्यांत बरेचसे वृद्ध होते.

पुढील रविवारी आम्ही मिस्साला गेलो. वादळांच्या हंगामात तेथे ‘त्वरित साहाय्य करणाऱ्या माते’ची विनवणी केली जाते. १८१५ साली शहरावर इंग्रज चालून आले, तेव्हा उर्सुलाईन भगिनींनी व नगरातील स्त्रियांनी तिचाच धावा केला होता. ८ जानेवारीस त्याबद्दल आजही उपकारस्तुतीचा मिस्सा होतो. ती प्रार्थना आम्ही दोन वर्षे ओठांनीच म्हटली होती. माता साहाय्य धाडते ते बहुधा शेजाऱ्याच्या हातून, हे त्या दिवशी उमगले.

प्रिय वाचकहो, आपल्या घरचे कोणी दूरदेशी निघाले असेल, तर लोणच्याच्या बरणीबरोबर एवढा निरोपही द्या: तेथे पोचल्यावर आधी शेजाऱ्याचे दार ठोठाव.