अतिभार

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात परिसरातील शेतकरी तोडलेली मिरची तेथे आणतात, तिचे माप होते आणि ती परराज्यांतील बाजारांकडे रवाना होते. मोठा माल ट्रकने जातो. ट्रक भरण्याइतका माल नसेल, तर पिकअपवाल्याला बोलावणे जाते. अशाच एका जुन्या पिकअपचा मालक आपली गाडी स्वतःच चालवतो. सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट, पुढे जळगाव, धुळे, कोंडाईबारीचा घाट, नवापूर आणि सुरत ही वाट त्याच्या अंगवळणी पडली आहे. मिरची नाशवंत, पोत्यात दाबून ठेवली की आतून गरम होते आणि तिचा भाव उतरतो. म्हणून हे अंतर रात्रीतूनच तोडावे लागते.

प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणीपुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात : एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंची वजाबाकी म्हणजे तिने न्यावयाचा भार. या गाडीची वजाबाकी सव्वा टनाच्या आसपास येते. असे असूनही जादा भरण्याचा मोह सुटत नाही, कारण त्यामागे साधा हिशेब आहे. भाडे क्विंटलमागे ठरते. टोल तेवढाच, डिझेल थोडेसेच अधिक. त्यामुळे शेवटची पोती जवळजवळ निव्वळ नफ्याची वाटतात. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर आणि टायर यांची झीज त्या रात्री दिसत नाही. लाभ रोख मिळतो, तोटा मागाहून हप्त्याहप्त्याने येतो.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड ठेवला आहे. परंतु दंड पकडले गेल्यावर होतो. घाट मात्र प्रत्येक खेपेला परीक्षा घेतो. जुन्या गाडीचा मागचा भाग दबू लागला, की गॅरेजमध्ये जादा पाटा बसवून घेण्याची पद्धत आहे. त्याने गाडी सरळ उभी राहते, भार डोळ्यांना जाणवत नाही; ब्रेकची ताकद मात्र तिळभरही वाढत नाही. वजन मागे अधिक झाले, की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हवे तसे ऐकत नाही. उतारावर सतत ब्रेक दाबला, तर ड्रम तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक पकडत नाही. म्हणूनच अनुभवी चालक ज्या गिअरमध्ये घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरतो आणि गती इंजिनालाच रोखू देतो. गाडीची खरी क्षमता ती किती ओढते यावर नाही, किती भरून सुरक्षित थांबते यावर मोजावी लागते.

आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील या नगराचे नाव सांची आणि भारहूत येथील दानलेखांत आढळते. १९७३ मधील उत्खननात येथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. त्या काळी माल बैलांच्या बळावर चाले. अशा व्यापारी जगात वावरणाऱ्या श्रावकासाठी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुक्या जिवावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे हे बांधून ठेवण्याच्या आणि उपाशी ठेवण्याच्या पंक्तीत बसवले आहे, हे विचार करण्याजोगे आहे. पंधरा कर्मादानांतही शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्यांचा आणि भाड्याच्या वाहतुकीचा व्यवसाय, यांचा समावेश आहे. वाहतुकीच्या नफ्यात कोणाची तरी पाठ वाकलेली असते, हे त्या चिंतकांनी ओळखले होते.

पिकअपला जीव नाही, मग अतिचार कसला, असे कोणी म्हणेल. पण लोखंडाआड चालक बसलेला असतो आणि समोरून दुचाकीवर एखादे कुटुंब येत असते. भारवाही जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही. माणसासाठीही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला होता. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता. स्वतःची एकुलती एक गाडी हाकणारा त्यात बसत नव्हता. बैलाला मिळालेली विश्रांती त्याला कोणी लिहून दिली नाही. तिचा निर्णय तो आणि माल भरणारा व्यापारी या दोघांनाच घ्यावा लागतो.

एका पावसाळी संध्याकाळी हौदा भरून ताडपत्री बांधून झाली होती, तरी आठ पोती उरली. आडत्याने जादा भाडे देऊ केले. चालकाला दोन दिवसांत मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. त्याने ओल्या रस्त्याकडे पाहिले आणि म्हटले, ‘‘शेठजी, गाडी ओढंल, पण घाटात थांबायची नाही.’’ शेठजी काही बोलले नाहीत. आठ पोती दुसऱ्या गाडीने गेली आणि पुढच्या दोन खेपाही त्याच गाडीला मिळाल्या. वसतिगृहाचे पैसे चालकाने मेव्हण्याकडून उसने आणून भरले. घरात त्या पैशांवरून बोलणे झाले. गाडीवरून झाले नाही.

तिसऱ्या आठवड्यात आडत्याचा पुन्हा फोन आला. एरवी ते आधी माल किती आहे ते सांगत. या वेळी त्यांनी गाडीत किती बसेल ते विचारले, आणि तेवढीच पोती काट्यावर काढून ठेवली.