गाईच्या वाटेवरील घाणेरी

गाईविषयी आपल्या समाजात जितके बोलले जाते, तितके गवताविषयी बोलले जात नाही. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणारी घरे आजही पुष्कळ आहेत. परंतु ती धेनू वर्षाचे उरलेले ३६४ दिवस काय खाते, ह्याची चौकशी करणारे घर विरळाच म्हणावे लागेल. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहावयास आल्यापासून हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

ह्या रस्त्याच्या एका अंगास येऊरचा डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वनराई आहे, तर दुसऱ्या अंगास वसईची खाडी. वाघबीळ, ओवळा, गायमुख ही नावे जुनीच राहिली. गावांच्या जागी मात्र गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या. तरीही इमारती आणि डोंगर ह्यांच्यामध्ये मोकळ्या जमिनीचे काही पट्टे उरले आहेत व त्यांवर थोडीबहुत गुरे अद्याप चरतात. पाऊस पडला की हे पट्टे इतके हिरवेगार होतात की, आमच्या गच्चीतून पाहणाऱ्यास वाटावे, ह्या गुरांना काय कमी! पण हिरवे तितके सर्व गवत नव्हे. त्यातील पुष्कळसा भाग घाणेरीचा, म्हणजे टणटणीचा, आणि गाजरगवताचा असतो.

आमच्याकडे गाईचे दूध घालणाऱ्या गवळ्याने दोन वर्षांपूर्वी घाटावरून एक गाय विकत आणली. दिवस ज्येष्ठाचे, जुने गवत वाळून संपलेले, नवे अजून फुटावयाचे होते. आठपंधरा दिवसांनी तो दूध घालण्यास आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला पाहून सासूबाईंनी विचारले, "काय रे बाबा, नवी गाय रुळली का?"

"कसली रुळते, आजी! चारा सोडलाय तिनं. डोळे पिवळे पडलेत, नाकाडाची कातडी फुटलीय. उन्हात उभीच राहत नाही. कुणाची दृष्ट लागली म्हणावं, तर मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या."

सासूबाईंनी त्याला तत्काळ गुरांच्या डॉक्टरांकडे धाडले. त्यांनी घाणेरीची विषबाधा ओळखली, गाईस अंधाऱ्या गोठ्यात बांधावयास सांगितले, कोळशाची औषधी पूड पाण्यातून पाजली व सलाईन लावले. परंतु उशीर झाला होता. गाय वाचली नाही. "तिला इथला पाला ठाऊक नव्हता, आजी, अन् पोटात भूक होती," एवढेच तो म्हणाला. गाईसाठी काढलेले कर्ज मात्र त्याला पुढे वर्षभर फेडावे लागले.

त्याच्या त्या एका वाक्यात ह्या प्रश्नाचे सारे मर्म आहे. घाणेरीच्या पानांत लॅन्टाडीन नावाची द्रव्ये असतात. ती यकृतास इजा करतात व कोठ्याची हालचाल मंदावतात. त्यामुळे खाल्लेला पाला पोटात तसाच पडून राहतो आणि विष दिवसेंदिवस अंगात भिनत जाते. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून पोटात जो एक पदार्थ तयार होतो, तो निरोगी यकृत बाहेर टाकते. यकृत थकले की तो रक्तात साठतो आणि ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते. परंतु त्या मुलखात वाढलेले जनावर सहसा घाणेरीला तोंड लावीत नाही. लावते ते नवखे, किंवा उपाशी. म्हणजे विषाच्या आधी भूक येते. ह्यास्तव कुरणातील विषारी झुडपे काढणे हे अर्धेच काम होय. त्या जागी गवत उभे करणे हे उरलेले अर्धे.

ह्या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी आणली गेली व पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ नेले. गाजरगवत आपल्या पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले. त्याच्या एका रोपापासून हजारो बिया होतात. ते खाल्ल्याने जनावरांच्या अंगावर चट्टे उठतात व दुधास कडवट चव येते, आणि माणसांना खाज व दम्याचा त्रास होतो.

गतवर्षी आमच्या वसाहतीच्या मागील पट्ट्यावर तणनाशक फवारावे, अशी सूचना सभेत आली. मोठ्या दिरांनी तिला विरोध केला. फवारलेले झुडूप कोमेजले की त्याचा उग्रपणा जनावरास जाणवत नाही व ते त्यास अधिकच तोंड लावण्याचा संभव असतो, हे त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. मग श्रावणातल्या एका रविवारी हातमोजे घालून व नाकातोंडाला फडके बांधून आम्ही दहाबारा जणांनी गाजरगवत फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटले. ओल्या जमिनीत ते सहज येते. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते; म्हणून तिचे मूळ जमिनीखाली दोन बोटे तोडून झुडूप उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काढलेला पाला गुरांच्या वाटेवर टाकू नये. रिकाम्या झालेल्या जागेत मारवेल, पवना ह्यांसारखे गवत लावावे. रस्त्याच्या कडेस टाकळा दाट वाढू दिला, तर गाजरगवतास तो वाव देत नाही. मात्र गुरे टाकळा खात नाहीत, म्हणून चरावयाच्या जागी तो नको.

मेक्सिकोतील एक भुंगेराही १९८४ साली बंगळूर येथे गाजरगवतावर सोडण्यात आला. तो पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो. पण कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबून चालत नाही.

एका वर्षात हे काम संपेल, असा भ्रम कोणी बाळगू नये. जमिनीत पडलेले बी पुढील पावसात पुन्हा उगवते, तसे आमच्याही पट्ट्यात उगवले. पण ते पूर्वीपेक्षा विरळ होते व मधून मारवेलीची पाती दिसत होती. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून असे काही करता येणार नाही. परंतु आपल्या कुंपणालगतची जमीन तर आपल्या हाताच्या अंतरावर आहे! घरात चार हात असतील, तर येत्या श्रावणातील एक सकाळ ह्या कामासाठी राखून ठेवावी आणि मुलांनाही बरोबर न्यावे. कोणते पान गाईचे व कोणते विषाचे, हे त्यांना त्याच वेळी दाखविता येईल.