आजोळचा वारसा

मुलीच्या मुलात आजोळचे काय उतरले आहे, हे शोधण्याची हौस साऱ्याच घरांत असते. आमच्या नातवाचे कान आमच्यासारखे निघाले, तेव्हा आम्ही पेढे अंमळ जास्तच वाटले होते. पण त्याला आम्ही आणखीही काही दिले आहे, याचा पत्ता लागायला वीस वर्षे जावी लागली.

आमची मुलगी बडोद्याहून इंदूरला दिलेली. तिच्या मुलाला लहानपणापासून आगगाडीच्या इंजिनाचे वेड. चालकाच्या नोकरीची लेखी परीक्षा तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला आणि वैद्यकीय तपासणीत अडला. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला नीट वेगळे ओळखता येत नाहीत, असे निघाले. सिग्नलवर शेकडो जीव अवलंबून असतात. तेव्हा नियमाला दोष देण्यात अर्थ नव्हता. मग दोष कोणाचा, याचा शोध घरात सुरू झाला. "आमच्याकडे असले कोणाला नाही," असे विहीणबाई म्हणाल्या, आणि "खाण तशी माती" हेही त्यांच्या तोंडून निघून गेले.

आम्ही इंदूर गाठले आणि खात्रीसाठी नातवाला दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी रंगीत ठिपक्यांचे पुस्तक उघडले. जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी. एका पानावर नातू म्हणाला, "एकवीस." आम्हांलाही एकवीसच दिसत होते. मागे उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तिथं चौऱ्याहत्तर आहे."

आयुष्यातल्या कित्येक गोष्टींचा त्या क्षणी उलगडा झाला. परसातल्या डाळिंबाची तांबडी फुले मुलांना ओट्यावरून दिसत. आम्हांला ती झाडापाशी गेल्यावरच सापडत. आमच्या सौभाग्यवती आम्हांला एकट्याने कापडखरेदीस कधी धाडीत नसत. याला आम्ही आजवर वेंधळेपणा समजत आलो होतो!

डॉक्टरांनी आकृती काढून समजावले. या रंगांधळेपणाचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असतात. एक सदोष असले तरी दुसरे बहुधा काम निभावते. पुरुषाला एकच 'एक्स', तेही आईकडून मिळालेले. बाप आपले 'एक्स' प्रत्येक मुलीला देतो, मुलाला 'वाय' देतो. म्हणून आमचा मुलगा आमच्याकडून येणाऱ्या या दोषातून सुटला. मुलगी मात्र वाहक झाली, आणि तिच्या प्रत्येक मुलाला हा दोष येण्याची शक्यता निम्मी होती. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच अशा दृष्टीवर निबंध वाचला होता. आम्हांला मात्र आपली दृष्टी कळायला नातवाची नोकरी जावी लागली.

संध्याकाळी विहीणबाईंच्या समोर बसून आम्ही सगळे सांगितले. पत्र पोचविणाऱ्याला मजकुराबद्दल कोणी जाब विचारत नाही. आणि हा मजकूर तर आमचाही नव्हता, आमच्या आईकडून नकळत हाती आलेला होता. विहीणबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तू अजून जेवली नाहीस. चल, पान वाढते." आम्हांला तेवढे पुरले.

नातवाने काय करावे, हे अजून ठरलेले नाही. त्या रात्री त्याने विचारले, "आजोबा, तुम्हांला खरंच एकवीस दिसलं?" आणि कित्येक दिवसांनी तो हसला. त्याच्या बहिणीलाही आम्ही सारे सांगितले आहे; तीही वाहक असू शकते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वाचकांना एकच विनंती. मुलाचे दहावे वर्ष उलटण्यापूर्वी त्याच्यासमोर ते ठिपक्यांचे पुस्तक एकदा धरावे. डोळे त्याने बदलत नाहीत; पण मूल आपले मन कशात गुंतवायचे, ते वेळेवर ठरवू शकते. आमच्या नातवाला ती संधी मिळाली नाही, याची खंत आम्हांला राहील.