गोधडीच्या पाठीवरचं नाव

गोधडी संपली ती सोलापुरी चादरीने आणि नंतर आलेल्या मऊ मिंक ब्लँकेटने, असं सगळे म्हणतात. डोंबिवलीत राहून गोधड्या शिवणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला ते पटत नाही. गोधडी संपवली बोहारणीने. भर दुपारी सोसायटीच्या जिन्यात तिची हाक आली की घराघरांतून जुनेरं बाहेर निघायची. दोन साड्या, एक पँट आणि वर घासाघीस, एवढ्यावर स्टीलचं पातेलं. जुन्या सुती लुगड्याला बाजारात भाव आला त्या दिवशी ते गोधडीत घालणं म्हणजे पातेल्यावर पाणी सोडणं ठरलं. यात बोहारणीचा काही दोष नाही, तिने व्यवहार केला. पातेली मात्र अजून मांडणीवर आहेत आणि लुगडी कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.

बरं, त्यानंतर घरात ज्या साड्या आल्या त्या गोधडीच्या कामाच्या नव्हत्या. नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेट. असली साडी वर्षानुवर्षं विटत नाही, फाटत नाही आणि मऊही होत नाही. थरात घातली तर सरकते, घाम शोषत नाही, सुई तिच्यातून जाताना कुरकुरते. सुती लुगडं शेकडो धुण्यांनंतर जे होतं, ते नवं कापड कितीही महागाचं आणलं तरी होत नाही. तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या लुगड्याचं करायचं यामागे माया असेलच, पण कापडाचं साधं शास्त्रही आहे.

गोधडी शिवायला सुई, दोरा आणि जमीन एवढंच लागतं. पैकी तिसरी गोष्ट डोंबिवलीत दुर्मिळ. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी अंथरायची तर वन बीएचकेतला सोफा भिंतीला लावावा लागतो, टीपॉय बाल्कनीत जातो, आणि घरातली माणसं लोकलला पळाल्याशिवाय हे जमत नाही. खाली अस्तर म्हणून एक अख्खं लुगडं दुमडून पसरायचं. त्यावर जुनेराचे चार-पाच थर, प्रत्येक थर तळहाताने कोपऱ्याकडे ओढत. सगळ्यात वर ठिगळं. गावाकडे कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवत; इथे तांदळाचा डबा आणि मिक्सरचं भांडं चालतं. मग लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरवायचे, आणि धावदोरा सुरू करायचा तो कडेपासून.

हा कडेचा मुद्दा जरा थांबून सांगण्यासारखा आहे. युरोप-अमेरिकेतल्या क्विल्टमध्ये शिवण साधारणपणे मधून बाहेर जाते, म्हणजे जास्तीचं कापड कडेला ढकललं जातं आणि शेवटी कापून टाकता येतं. आपली गोधडी उलटी. कडेला पहिली फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं चौकोनात चौकोन करत सुई मध्यावर पोचते. चौकट लावायची सोय नाही, थर सुट्टे, जुन्या कापडाची कड कधी विरेल सांगता येत नाही, म्हणून आधी कड बांधून घ्यायची. पण त्यात धोका असा की प्रत्येक फेरीला थोडं कापड आत सरकतं, आणि ते सांभाळलं नाही तर मध्यावर फुगा येतो. कसलेली बाई डाव्या तळहाताने तो फुगा फेरीफेरीत वाटून टाकते. एकेका टाक्यात इतकं थोडं कापड खाते की नुसत्या नजरेला चुण्याही दिसत नाहीत. हात फिरवला की कळतं. गोधडीच्या अंगावर जी बारीक लहर उठते ती या वाटपाची. तिला कुणी नक्षी म्हणत नाही, पण हीच तिची सही आहे. दोन बायकांच्या लहरी सारख्या नसतात.

दोऱ्याची गाठ वर दिसू द्यायची नाही, हा दुसरा नेम. सुई वरच्या थरात घालायची आणि हलका हिसका द्यायचा. गाठ टप्पकन आत जाते आणि थरांमध्ये अडकून बसते. शिकाऊ बाईला हा आवाज आला की तिचा चेहरा बघावा.

शिवणीची परीक्षा मात्र पाण्यात होते. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. भिजलेली गोधडी दोघींशिवाय उचलत नाही. फेऱ्या विरळ असतील तर आतले थर गोळा होऊन एका अंगाला जातात, आणि टाका कच्चा असेल तर पिळताना दोरा तुटतो. वॉशिंग मशीन हे या परीक्षेचं सौम्य रूप. तरीही प्रस्तुत लेखिका गिऱ्हाइकाला गोधडी देण्याआधी एकदा धुतेच.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कापडाला तोटा नाही, हे इथल्या शिवणाऱ्यांचं भाग्य. भिवंडीत यंत्रमाग, उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने. दोन्हीकडे कापणीत उरलेल्या तुकड्यांची पोती निघतात. ठाण्यात 1925 साली सुरू झालेली रेमंडची लोकर गिरणी होती, तिच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. पण शिंप्यांकडे सुटिंगच्या नमुन्यांची जुनी पुस्तकं अजून सापडतात, आणि त्या तळहाताएवढ्या करड्या-तपकिरी तुकड्यांची गोधडी थंडीत दोन ब्लँकेटांना भारी पडते. जीन्सची शिवायची असेल तर थर कमी घ्यावेत. डेनिमचे चार थर हाताने शिवणं म्हणजे बोटांशी वैर.

उल्हासनगरचा आणखी एक धागा आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. ज्या सिंधमधून ही माणसं आली तिथे रल्ली शिवतात. रंगीत तुकड्यांचे चौकोन-त्रिकोण, कापून लावलेली नक्षी आणि वरून सरळ समांतर रेघांची शिवण. रल्ली दुरूनच ओळखू येते, तशी आपली गोधडी येत नाही. रल्लीत रंग आधी ठरतो. गोधडीत जे जुनेर हाताशी आहे ते ठरवतं.

आता प्रदर्शनांविषयी. दिवाळीच्या आधी ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात हॉल घेऊन घरगुती उद्योगांची प्रदर्शनं भरतात. भाजणी, कंदील, खणाच्या पर्सेस, ऑक्सिडाइज्डचे दागिने आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गोधड्या. लोक थांबतात, हात फिरवतात, हातात घेऊन वासही घेतात. मग प्रश्न येतो, ‘जुन्या साड्यांची आहे का हो?’ हो म्हटलं की हात मागे. नाही म्हटलं की, ‘मग ती खरी गोधडी कुठली!’ किमतीवर तर एकमत ठरलेलं आहे. ‘आमच्या आईने आयुष्यभर शिवल्या, कधी पैसे घेतले नाहीत.’ नाही घेतले, कारण कुणी दिले नाहीत. महिनाभराच्या हातशिलाईला मजुरी लावली तर काय रक्कम होते ते प्रत्येकाने स्वतःच्या पगाराच्या हिशेबाने काढून पाहावं. त्याच टेबलाशी मशीनवर शिवलेली, जयपुरी छापाची रजई मात्र न बोलता विकली जाते.

क्विल्टचं स्वतंत्र प्रदर्शन ही आपल्याकडे नवी गोष्ट. पहिला इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल चेन्नईत भरला तो जानेवारी 2019 मध्ये. अमेरिकेत ह्यूस्टनचा क्विल्ट महोत्सव गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून चालू आहे, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला 2003 पासून मोठा मेळा भरतो. तिथे गोधडी भिंतीवर चित्रासारखी टांगतात आणि परीक्षक ती उलटून पाठ बघतात. टाके मागेही तेवढेच सारखे आहेत का, कडेची पट्टी भरलेली आहे की पोकळ, कोपरे काटकोनात बसलेत की नाही. भिंतीवर टांगण्याबद्दल प्रस्तुत लेखिकेच्या मनात शंका आहेत. आपली गोधडी अंथरण्याची वस्तू. तिच्याखाली जमीन नसली तर तिची लहर सपाट पडते. पण पाठ उलटून बघण्याची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे, कारण त्या पाठीवर एका कोपऱ्यात कापडाची चिठ्ठी असते: करणारीचं नाव, गाव, साल.

आपण कमी पडतो ते इथे. कसब कमी नाही, कापड कमी नाही, नाव नाही.

नावाने काय होतं ते दोन उदाहरणांत बघता येतं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा, म्हणजे बंगालची गोधडी, आहे. गुरुसदय दत्त हे आयसीएस अधिकारी. बंगालच्या खेड्यांतून लोककलेच्या वस्तू जमवणं हा त्यांचा ध्यास. ही कांथा एका मुलीने वडिलांसाठी केली आणि तिच्यावर दोऱ्यानेच आपलं नाव लिहिलं, मानदासुंदरी दासी. शेकडो अनामिक कांथांमध्ये तिचं नाव आज अभ्यासक घेतात ते कामाच्या सफाईमुळे, आणि तितकंच तिने ते लिहून ठेवल्यामुळे.

दुसरी हॅरिएट पॉवर्स, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली, जन्माने गुलाम. तिने बायबलमधल्या गोष्टींची चित्रं कापडात कापून एक गोधडी केली आणि 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस जत्रेत मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकार बाईने ती विकत मागितली. पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा पाच डॉलरला द्यावी लागली. पण देताना तिने प्रत्येक चित्राचा अर्थ सांगितला आणि स्मिथने तो उतरवून घेतला. आज ती गोधडी वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. ऐकणारीने लिहून घेतलं नसतं तर संग्रहालयाच्या फलकावर काय आलं असतं? ‘करणारी अज्ञात’.

आपल्या शेजारच्या गोधडीचीही अशी दखल घेतली गेली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज, बोली कोकणीच्या वळणाची. शिवण आपल्यासारखीच, कडेकडून आत. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे, ज्यांना त्या फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. हेन्री ड्रूअल या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुढाकाराने 2004 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये त्यांच्या कवंद्यांचं प्रदर्शन झालं. आपल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं. 2013 मध्ये ते छापलं फ्रान्समधल्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने. महाराष्ट्राच्या गोधडीला प्रकाशक मिळाला तो सातासमुद्रापार, हे अभिमानाने सांगावं की खाली मान घालून, ते ज्याचं त्याने ठरवावं.

इथल्या घरांत नाव लिहिलं नाही याचं एक कारण असं की त्याची गरजच नव्हती. गोधडीवर हात ठेवून आजी सांगायची: हे हिरवं आत्याच्या डोहाळजेवणाचं, हा खण तिच्या वन्संचा, ही पट्टी आजोबांच्या धोतराची. आजी होती तोवर हे सगळं वाचता येत होतं. तिच्यामागे घरातल्यांना फक्त रंग दिसतात.

अलीकडे प्रस्तुत लेखिकेकडे येणारी पुष्कळ कामं याच जातीची असतात. कुणी वडिलांचे शर्ट घेऊन येतं, कुणी आईच्या गाऊनांची पिशवी. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असं बजावणारी एखादी काकू सोबत असतेच, आणि तिच्याच डोळ्यांना पाणी येतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या मिझुरी पेटवेने 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. साठ वर्षांनी गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, प्रत्येकीखाली नाव आणि साल. शर्टांच्या गोधडीत खिसे तसेच ठेवावेत, असं लेखिकेचं मत झालं आहे. पांघरणारा माणूस झोपेत हात घालायला खिसा शोधतो.

तेव्हा वाचकांना एक काम. माळ्यावर, दिवाणात, गावच्या घरी गोधडी असेल तर ती खाली काढा. पांढऱ्या सुती कापडाचा चार बोटं रुंद तुकडा घ्या, कडा दुमडा, कपड्यावर न फिटणाऱ्या शाईच्या पेनाने त्यावर लिहा: कुणी शिवली, कुठल्या गावात, साधारण कुठल्या साली, कुणाकुणाची जुनेरं आहेत. मग तो पाठीमागच्या कोपऱ्यात बारीक टाक्यांनी लावा. टाका फक्त अस्तरातून जाऊ द्या, मूळ शिवणीला धक्का नको. साल आठवत नसेल तर अंदाजाने लिहा, पण अंदाज आहे हेही लिहा. सांगणारं माणूस घरात असेल तर या रविवारीच त्याच्याशेजारी बसा. आणि शिवणारीचं नाव लिहिताना सासरचं लिहाल, तसं माहेरचंही लिहा. शिवायला ती बहुधा तिथेच शिकलेली असते.