न पडलेल्या पावसाची दौलत

इकीके बंदर सोडलं की रस्ता थेट कड्याला भिडतो. उत्तर चिलीतलं हे शहर समुद्र आणि उभा डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय. खाली धुकं, इथले लोक त्याला कामांचाका म्हणतात. वर पोहोचलं की लख्ख आभाळ आणि गवताची काडीही नसलेली भुरी जमीन. हे अटाकामाचं वाळवंट.

समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाऊस नाही, हे कोकणातल्या माणसाला पटायला जड. पण किनाऱ्यालगतचा हंबोल्ट प्रवाह इतका थंड, की त्यावरची हवा वर चढून ढग बांधतच नाही, धुकं होऊन कड्याशी अडते. पूर्वेकडून अॅमेझॉनची ओल घेऊन येणारे वारे अँडीजच्या पलीकडेच रिते होतात.

या कोरडेपणानेच इथे दौलत राखली. ती दौलत म्हणजे सोरा, जमिनीतला नायट्रेटचा क्षार. तो पाण्यात चटकन विरघळतो. बरा पाऊस असता तर तो केव्हाच वाहून गेला असता. १८३५ मध्ये डार्विन इकीकेला उतरला आणि दोन खेचरं भाड्याने घेऊन सोऱ्याचे कारखाने बघायला गेला, तेव्हा हा मुलूख पेरूचा होता. पुढे युरोपला खतासाठी आणि स्फोटकांसाठी सोऱ्याची गरज भासू लागली. १८७९ ते १८८३ च्या युद्धात चिलीने पेरूकडून हा तारापाका प्रांत घेतला आणि बोलिव्हियाचा सगळा किनारा. बोलिव्हियाकडे आजही नौदल आहे, समुद्र नाही.

तासाभरात हंबरस्टोन येतं. १८७२ मध्ये सुरू झालेली ही सोऱ्याची वसाहत १९६० मध्ये बंद पडली. गंजलेल्या पन्हळी पत्र्यांच्या ओळी, लाकडी खुर्च्या जागच्या जागी असलेलं नाटकघर, आणि लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडून केलेला पोहण्याचा तलाव, आता ठणठणीत कोरडा. मी सर्वात जास्त वेळ रेंगाळलो तो पुल्पेरियात, म्हणजे कंपनीच्या दुकानात. सोऱ्याच्या वसाहतींत मजुरी रोख मिळत नसे. फिचा नावाची बिल्ली मिळे आणि ती मालकाच्याच दुकानात चाले. पगार एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा, असा हा चोख हिशेब.

त्याविरुद्ध १९०७ च्या डिसेंबरात हजारो मजूर संप करून बायकामुलांसह माळ उतरून इकीकेला आले आणि सांता मारिया शाळेत थांबले. २१ तारखेला जनरल सिल्वा रेनार्डने गोळीबाराचा हुकूम दिला. मेलेल्यांचा आकडा आजवर कोणी पक्का सांगू शकलेलं नाही. सरकारने तो नीट मोजलाच नाही, असं माझं मत.

पण सोऱ्याचा धंदा बुडाला तो संपाने नव्हे. हवेतला नायट्रोजन वापरून अमोनिया करायची रसायनशास्त्रज्ञ हाबरची युक्ती जर्मनीत १९१३ पासून कारखान्यात चालू झाली आणि चिलीची मक्तेदारी मोडली. आपल्या शेतकऱ्याच्या युरियाचं पोतंही त्याच अमोनियातून येतं.

जाता जाता तामारुगोची झाडं दिसतात, आपल्या शमीसारखीच शेंगा धरणारी. सोऱ्याच्या भट्ट्यांसाठी ती बेसुमार तोडली गेली. आजचं रान बरंचसं पुन्हा लावलेलं आहे. भूजलावर जगतं.

हंबरस्टोन २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि २०१९ पर्यंत धोक्यातल्या वारशांत होतं. तिकडे जाणार असाल तर सकाळीच निघा, पाणी भरपूर घ्या, आणि नाटकघर बघून परत फिरू नका. पुल्पेरियासाठी वेळ ठेवा.